न आलेल्या गाडीची नोंदणी

२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. गेल्या महिन्यात सात वेळा केला. पाचदा वाजून वाजून बंद झाला, दोनदा आईने घेतला आणि तुम्ही न्हाणीघरात असल्याचं सांगितलं. एवढा वेळ न्हाणीघरात काढणारा माणूस एव्हाना विरघळून जायला हवा होता.

तर बातमी अशी की आपली निळी गाडी परवा टेकडीच्या चढावर बंद पडली. वरच्या वस्तीतल्या आजोबांना मी इन्सुलिन द्यायला निघाले होते. आधी तेलाचा लाल दिवा लागला, मग बॉनेटखाली कुणीतरी घण घालतंय असा आवाज झाला आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. उरलेला रस्ता बॅग खांद्याला लावून चालत गेले. पाऊण तास लागला. आजोबा भिंतीला टेकून पेंगत होते. सगळं निभावलं, पण एकटी नर्स आणि बावीस घरं असं माझं काम आहे. गाडी चालली नाही तर मी घरबसली बाई.

आता खरा विषय. एक नवी विजेवरची गाडी यायची आहे. ‘यायची आहे’ हे नीट वाचा, कारण ती अजून आलेली नाही. चित्रं आहेत, आकडे आहेत, एक छोटी फिल्म आहे. एकतीस मार्चच्या आत थोडी रक्कम भरून नाव नोंदवलं तर पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, पहिल्या खेपेतली मिळेल. नाही नोंदवलं तर त्यापुढे आणखी वर्षभर रांगेत. रक्कम परत मिळते म्हणतात. एकदा चार्ज केली की माझ्या तीन दिवसांच्या फेऱ्या होतील, आणि दवाखान्याच्या आवारात रात्रभर लावून ठेवायची सोय आहे. दवाखान्यातले निम्मे लोक म्हणतात घे, निम्मे म्हणतात वेडी आहेस का.

आपल्या घरात तुम्ही खाली झोपून बघितल्याशिवाय एकही गाडी आली नाही. जिच्याखाली झोपताच येत नाही अशा गाडीबद्दल कसं ठरवायचं, ते तुम्हीच सांगा.

लोभ आहे तसाच ठेवावा, ओरडा थोडा कमी करावा.

तुमची,
भिंगरी

*

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. न्हाणीघराचा विनोद तुझ्या आईला फार आवडला. मी मोठ्या मनाने सोडून दिला. फोनचं म्हणशील तर हल्ली लाइन खराब आहे, नुसती खरखर. पत्र बरं. पत्रात माणूस विचार करून लिहितो, निदान लिहायला हवं.

तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो. नोंदवू नकोस. मी आयुष्यात कलिंगडसुद्धा टिचकी मारल्याशिवाय घेतलं नाही, आणि तू चित्र बघून गाडी घ्यायला निघालीस. चित्रात सगळ्याच गाड्या चालतात, त्यासुद्धा उताराला.

दुसरं म्हणजे गाडी बोलते. चाळीस वर्षं मी हेच काम केलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, की गाडी स्वतःच सांगते तिला कुठे दुखतंय ते. ही तुझी विजेवरची मुकी. दुखेल तेव्हा काय करेल? पडद्यावर पत्र लिहील?

तिसरं, आणि हे मी सांगणार नव्हतो. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना अशीच एक विजेवरची व्हॅन माझ्या अंगावर आली. पावलांचा आवाज नाही की इंजिनाचा नाही, भुतासारखी. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. तुझ्या आईने मात्र एवढं मोठं बँडेज बांधलंय की लोक रस्त्यात थांबवून विचारतात. ज्या वस्तूने तुझ्या बापाला आडवं पाडलं तीच तू दारात आणून लावणार का, ते बघ.

निळी घेऊन ये, मी बघतो. मागच्या खेपेला मी ती पूर्ण तपासली होती आणि ठणठणीत होती. तूच तेल घालायला विसरली असशील.

जेवणखाण वेळेवर कर. राग नसावा, असला तर पत्रातून कळवावा.

तुझा,
बाबा

*

८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पाकीट वेगळं टाकते आहे. हे पोचेपर्यंत बाबांचं पत्र तुला मिळालं असेल. ते मी वाचलं. पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं होतं आणि पाकीट उघडं होतं.

ती व्हॅन विजेवरची नव्हती. ती आपल्या गल्लीतली पावाची व्हॅन. तुला माहीत आहे तिचा आवाज. पहाटे ती आली की आपल्या कपाटातल्या कपबश्या वाजतात. मी दुकानाच्या खिडकीत पडद्याला अस्तर लावत बसले होते, माझ्या डोळ्यांसमोर सगळं झालं. चालवणाऱ्याने तीनदा हॉर्न वाजवला. बाबा मागे वळले नाहीत. ते वर्तमानपत्राची घडी करत करत रस्त्यात उतरले. त्या बिचाऱ्याने गाडी फुटपाथवर चढवली म्हणून आज मी हे पत्र लिहिते आहे. नंतर त्याला आपल्या स्वयंपाकघरात बसवून मी पाणी दिलं.

भिंगरे, बाबांना ऐकू येत नाही. दोन वर्षं होत आली. माझं बोलणं समजतं, कारण मी समोर उभी राहून बोलते आणि पन्नास वर्षांत मी काय बोलणार हे त्यांना पाठ झालं आहे. परक्या माणसाचं काही कळत नाही. फोनवर तर तुझंही नाही. म्हणून न्हाणीघर. गॅरेज भागीदाराच्या हवाली केलं ते गुडघ्यांमुळे नाही.

आता जे लिहायला धीर होत नव्हता ते लिहिते. दिवाणखान्यात बसून तू मागच्या खेपेला माझ्याशी गप्पा मारत होतीस, तेव्हा बाबा अंगणात निळीचं इंजिन चालू ठेवून वाकले होते. मला तिथे बसून त्यातली टकटक ऐकू येत होती. ते आत आले आणि म्हणाले, गाडी ठणठणीत. मी गप्प राहिले. त्यांचा चेहरा इतका खूश होता की माझ्याने बोलवेना. तू टेकडीवर अडकलीस त्यात माझाही वाटा आहे.

त्यांना सांगू नकोस की मी कळवलं. फक्त ती गाडी चालवू नकोस.

तुझी,
आई

*

१२ मार्च

ती. सौ. आईस,
सा. न.

सांगू नकोस म्हणालीस, ते मला जमणार नाही. तुझ्यावर रागावले नाही. स्वतःवर रागावले आहे. आठवड्याला तीसेक म्हाताऱ्या माणसांशी मी बोलते. कोण ओठांकडे बघून समजून घेतंय आणि कोण नुसतं हसून वेळ मारून नेतंय हे मला दारातूनच कळतं. मागच्या वेळी जेवताना बाबा माझ्या प्रत्येक वाक्याला हसत होते, आणि मला वाटलं माझे विनोद सुधारले.

आणखी एक. ती टकटक मलाही ऐकू येत होती. गेले पाच-सहा महिने. बाबांनी ठीक आहे म्हटल्यावर मी रेडिओ मोठा केला. माझ्या कानांपेक्षा त्यांच्या कानांवर माझा विश्वास जास्त होता. तेव्हा वाटे करायचे झाले तर तुझा सगळ्यात लहान.

त्यांना आजच वेगळं पत्र टाकते आहे. ते वाचतील तेव्हा तू दुकानात जाऊ नकोस. घरात राहा, पण समोर बसू नकोस.

तुझीच,
भिंगरी

*

१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज विनोद नाही. इथल्या गॅरेजवाल्याने निळीचं इंजिन खालून उघडलं. रॉडचं बेअरिंग गेलंय. तो म्हणाला, हे एका दिवसात होत नाही, सहा महिने तरी वाजत असणार. खरंच वाजत होतं. मला ऐकू येत होतं आणि तुम्हाला येत नव्हतं. आपण दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही.

पावाच्या व्हॅनचं मला कळलं आहे. आईवर चिडू नका. तिने तुमची चहाडी केली नाही. तुम्ही जिवंत असावं असं तिला वाटतं, एवढंच.

मी हे नर्स म्हणून लिहीत नाही. नर्स म्हणून लिहिलं असतं तर एव्हाना तुमच्या हातात एक छापील माहितीपत्रक पडलं असतं. आमच्या दवाखान्यात दर शुक्रवारी कान तपासणाऱ्या बाई येतात. त्यांचं काम मी रोज बघते. लोक रडवेले आत जातात आणि चिडून बाहेर येतात की बायको एवढी बोलते हे आधी का नाही सांगितलं. त्याबद्दल आज इतकंच.

गाडीचं अजून ठरलेलं नाही. तुमच्या पत्रानंतर मी नाव नोंदवलं नाही, आणि खरं कळल्यानंतरही लगेच नोंदवलं नाही, कारण तुमचं पहिलं म्हणणं मला आजही पटतं. न बघता घेऊ नये. सव्वीस तारखेला इथून तासाभरावरच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कंपनी नमुन्याची गाडी ठेवणार आहे. चालवायला देणार नाहीत, पण बघू देतील. या माझ्याबरोबर. इंजिन नसलं तरी त्या गाडीला चाकं आहेत, ब्रेक आहेत, स्प्रिंगा आहेत, दारं आहेत. त्यातलं मला काही कळत नाही. तुम्हाला कळतं. तुमचं मन राखायला बोलावत नाही. मला खरंच माणूस हवाय.

माझा लोभ कमी झालेला नाही, हे पत्र त्याचाच पुरावा समजा.

तुमची,
भिंगरी

*

१९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. तुझ्या आईशी पहिला दिवस बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला चहा दिला आणि समोर उभी राहून हळू, स्वच्छ म्हणाली, “तुम्ही पडलात तेव्हा मी किंचाळले. तेही तुम्हाला ऐकू आलं नाही.”

आधी किटलीची शिट्टी गेली. मग दारावरची बेल. मग माणसांचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे झाले. इंजिनं शेवटपर्यंत ऐकू येत होती असं मी समजत होतो. आता कळतं की ती मला हातांना कळत होती. चाळीस वर्षांच्या सवयीने हात ऐकायला शिकतात, पण सगळं नाही. ज्या दिवशी मला शंका आली त्या दिवशी मी गॅरेज सोडलं. गुडघे ठणठणीत आहेत. तुझी गाडी मात्र मी त्यानंतर तपासली, आणि ते मी करायला नको होतं. तू दाराशी किल्ली पुढे केलीस, आणि मला नाही म्हणता आलं नाही. तू बॅग घेऊन तो चढ चालत गेलीस ते माझ्यामुळे. ते म्हातारे गृहस्थ तेवढा वेळ थांबू शकले हे आपलं नशीब.

व्हॅनचंही लिहून टाकतो. मी उठून बसलो तेव्हा डिझेलचा धूर नाकात जात होता. तो वास मी झोपेत ओळखीन. तरी लोक जमले तसं तोंडातून निघून गेलं की विजेवरची होती, आवाजच नव्हता. इतकं पटकन निघालं की माझं मलाच नवल वाटलं. पुढे तुला उत्तर लिहिताना तेच कामाला आलं. तुझ्या नोंदणीच्या आड मी स्वतःचं खोटं उभं केलं. बापाने हे करायचं नसतं.

तेव्हा माझा सल्ला आता विचारू नकोस. तुला योग्य वाटेल ते कर. प्रदर्शनाला मी येणार नाही. गर्दीत सगळे बोलत असतात आणि मी खांबासारखा उभा असतो. ते तुझ्यासमोर नको.

तुझा,
बाबा

*

२७ मार्च

ती. सौ. आईस,
सा. न.

तू काल दिवसभर जिवाला घोर लावून बसली असशील. बाबा माझ्याकडे आहेत, पलीकडच्या खोलीत झोपले आहेत. काल रात्री निरोप पाठवला होता तो मिळाला असेलच, पण सगळं सविस्तर लिहिते.

मी एकटीच हॉलवर गेले. दाराशी पोचते तर बाबा पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, खिशात टॉर्च, हातात पुठ्ठ्याचा मोठा तुकडा. सकाळच्या पहिल्या बसने आले म्हणे. येणार नाही असं लिहिलं होतं, मी म्हटलं. त्यावर म्हणाले की पत्र टाकल्यावर घरी येईपर्यंत त्यांचा विचार बदलला होता आणि पेटीतून पत्र परत काढता येत नाही.

पुठ्ठा कशाला ते आत गेल्यावर कळलं. गाडीला लोक तीन बाजूंनी चिकटले होते. बाबांनी चौथ्या बाजूला पुठ्ठा अंथरला आणि ते सरळ गाडीखाली शिरले. कंपनीची दोन माणसं धावत आली. नुसते पाय दिसणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे त्यांना कळेना. दहा मिनिटांनी बाहेर आले ते चष्मा पुसत. स्प्रिंगा ज्याने बसवल्या त्याला खराब रस्ता माहीत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. बॅटरी पूर्ण उतरली तर दार आतून कसं उघडायचं? ओढून न्यायचा हूक कुठे? जादा चाक कुठे? दाराचं उत्तर मिळालं, हुकाचं मिळालं. जादा चाक नाहीच, हे कंपनीच्या एका बाईंनी खाली बघून सांगितलं. बाबांनी ते माझ्याकडे बघून समजून घेतलं.

मग त्यांनी विचारलं की ही गाडी मुकी, तर रस्त्यातल्या माणसाला कळणार कसं. त्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, हळू जाताना गाडी मुद्दाम एक आवाज करते, आता ऐकवते. त्यांनी कुणाला तरी खूण केली. आवाज झाला. चांगला मोठा, लांबवर सूर धरल्यासारखा. हॉलच्या पार टोकाला उभे असलेले लोक वळून बघायला लागले. बाबा हात मागे बांधून गाडीच्या नाकासमोर उभे होते. आवाज थांबला. ते उभेच. थोड्या वेळाने अगदी सौजन्याने म्हणाले की हं, वाजवा आता.

आई, मी आयुष्यात बरंच काही लोकांना सांगितलं आहे. तुमची गाठ वाढली आहे, पाय कापावा लागेल. पण त्यांचा हात धरून, वाजून झाला, हे सांगणं मला त्या सगळ्याहून जड गेलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग आजूबाजूच्या लोकांकडे. सगळे त्यांच्याचकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, आणि त्या बाईंना म्हणाले, “मला ऐकू येत नाही. जरा तोंड माझ्याकडे करून बोला.”

एवढंच. त्या बाई पुढे आल्या आणि तशाच बोलू लागल्या. पुढचा अर्धा तास बाबा त्या हॉलमधले सगळ्यात त्रासदायक गिऱ्हाईक होते.

बाहेर चहा घेताना मी विचारलं, नोंदवू का. म्हणाले, खालचं काम चांगलं आहे हे मी छातीठोक सांगतो. बॅटरीचं मला कळत नाही, आणि दहा वर्षांनी ती कशी असेल हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नाही. जादा चाक वेगळं घ्यावं लागेल. सगळ्यात जवळचं दुरुस्ती केंद्र तुझ्यापासून दोन तासांवर आहे, ते मी नकाशात बघितलं. माझ्यामुळे घेऊ नकोस आणि माझ्यामुळे टाळूही नकोस. चहा संपेपर्यंत मी ठरवलं. उद्या नाव नोंदवते आहे. दोन तासांवर का होईना, केंद्र आहे, आणि टेकडी चढताना मला लाल दिव्याची भीती नको आहे.

आज सकाळी ते कान तपासायला आत गेले. मला बाहेर थांबवलं. ऐकू येण्याचं यंत्र दोन आठवड्यांनी मिळेल. तोवर इथेच राहतील. निळी उघडून बघायची म्हणतात. तुला करमेल ना?

तुझीच,
भिंगरी

*

६ एप्रिल

सौ. शिंपीणबाईंस,
स. न. वि. वि.

लग्नानंतर तुला पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. काय लिहायचं असतं ते विसरलो. मी बरा आहे. लेकीचा स्वयंपाक बेताचा आहे, पण तो मीच करत असल्यामुळे बोलायची सोय नाही.

निळी आम्ही दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये घेतली. इथला गॅरेजवाला म्हणाला भंगारात द्या. पण आमच्याकडे वर्षभर काढायचं आहे, नवी येईपर्यंत, म्हणून मी क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, काढून लेथवर घासून नीट करून आणला आणि नवी बेअरिंगं घातली. भिंगरी फेऱ्या आटोपून संध्याकाळी यायची आणि नट आवळायची. नर्सबाईंचे हात कामाला हलके आहेत, पण नट फार जपून आवळते, जणू त्याला दुखेल.

काल इंजिन चालू केलं. मी तिला स्क्रूड्रायव्हर दिला, टोक कुठे टेकवायचं ते दाखवलं आणि मूठ कानामागे लावायला सांगितली. ती ऐकत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. तिने डोळे मिटले होते. मग पहिल्या सिलिंडरपासून चौथ्यापर्यंत एकेक बोट वर करून तिने मला सांगितलं की सगळीकडे एकसारखं आहे. मी इंजिनावर हात ठेवला. मलाही तसंच वाटलं. आम्हा बापलेकीला इतकी वर्षं हा आनंद दोघांत वाटून घेता आला असता, हे माझ्या आता लक्षात आलं.

नावनोंदणी झाली. रक्कम परत मिळण्याची अट मी छापील घेतली, खाली सही-शिक्क्यासकट.

यंत्र शुक्रवारी मिळेल. किती ऐकू येईल माहीत नाही. त्या कानवाल्या बाई म्हणाल्या, गेलेलं सगळं परत येत नाही. मी म्हटलं, निम्मं आलं तरी चालेल, माझी बायको मोठ्याने बोलते.

पावाच्या व्हॅनवाल्याला भेटायला मी आल्यावर जाणार आहे. तू आधी काही बोलू नकोस.

तुझा,
मिस्त्री

*

३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

निळी पळते आहे. टेकडी तिसऱ्या गियरमध्ये चढली, आणि मी रेडिओ बंद ठेवला होता. वरच्या आजोबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

वाईट बातमी अशी की कंपनीचं पत्र आलं. गाडी एप्रिलमध्ये येणार नाही, त्याच्या पुढच्या थंडीत येईल. कारण नीट सांगितलेलं नाही. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी तीस जूनच्या आत रक्कम परत घ्यावी. दुसऱ्या एका कंपनीची लहान गाडी आत्ता बाजारात आहे, पण ती एका चार्जमध्ये माझ्या एका दिवसालाही पुरणार नाही. दवाखान्यातले मला वेडी म्हणणारे निम्मे लोक खूश आहेत. मी मूर्ख ठरले का, असं सारखं वाटतंय. दोन दिवस फॉर्म टेबलावर पडून आहे. तुम्ही काय म्हणता?

लोभ असू द्या, उत्तर लवकर द्या.

तुमची,
भिंगरी

*

९ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस की नुसतं हो किंवा नाही सांगा. ऐकू आलं मला. पण एका शब्दात सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

आधी इथलं. यंत्र लावल्यापासून घरात भयंकर गलका आहे. नळ टपकतो, माझी चप्पल वाजते, तुझ्या आईचं शिवणयंत्र तर डिझेलवर चालत असावं. दिवसाचे चार-पाच तास लावतो, मग काढून ठेवतो. पक्षी अजून ऐकू येत नाहीत. ते बहुधा येणार नाहीत. व्हॅनवाल्याकडे गेलो होतो. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि माझं बोलणं संपेपर्यंत स्वतः उभा राहिला. मग म्हणाला की महिनाभर तो आपल्या गल्लीत हॉर्न दाबतच शिरायचा. मी त्याची माफी मागितली. माझं खोटं जिथे जिथे पोचलं होतं तिथे तिथे जाऊन दुरुस्त करतो आहे. लांबलचक यादी नाही, आपली गल्लीच आहे.

गेल्या पंधरवड्यापासून सकाळी गॅरेजमध्ये जातो. भागीदाराला साफ सांगितलं की इंजिन ऐकायचं काम माझं नाही, ते तू कर. ब्रेक, चाकं, स्प्रिंगा, जे डोळ्यांनी बघायचं आणि हाताने चाचपायचं, ते माझं. तो हो म्हणाला. फार बोलत नाही, हा त्याचा जुना गुण आहे.

गेल्या आठवड्यात तिथे एक विजेवरची मालवाहू गाडी आली. कुणी हात लावेना, म्हणून मी लावला. ब्रेक धरत नाहीत अशी तक्रार. चाकं काढली तर ब्रेकचे पॅड जवळजवळ नवे, आणि डिस्क गंजून खडबडीत. मला काही सुधरेना. मग चालवणाऱ्याने समजावलं, तोंड माझ्याकडे करून, की अशा गाडीचा वेग मोटरच कमी करते, ब्रेकला फार काम पडत नाही. म्हणजे झिजून नाही, न वापरल्यामुळे ते खराब झाले. चाळीस वर्षांत असलं प्रकरण मी पाहिलं नव्हतं. दोन दिवस लागले. घासले, साफ केले, बसवले, आणि त्याला सांगितलं की रोज एकदा मोकळ्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाब, नुसता मोटरवर राहू नकोस. काल आणखी एक तसलीच गाडी आली. त्यानेच पाठवली.

या गाड्यांचं मला अजून काहीच कळत नाही. जाड अक्षरातलं एक पुस्तक मागवलं आहे. तुझी आई म्हणते की मी परीक्षेला बसल्यासारखा खुणा करतो. तुझ्या इथे केंद्र दोन तासांवर आहे हे माझ्या डोक्यातून जात नाही. तुझी गाडी एप्रिलमध्ये आली असती तर मी तिच्यापुढे अडाणी उभा राहिलो असतो. आता आणखी सात-आठ महिने मिळाले.

तेव्हा तो फॉर्म फाडून टाक. तू मूर्ख ठरलेली नाहीस. कंपनीला घाई नाही, निळीला मी जगवतो, आणि मला वेळ हवा आहे. वाट बघू.

लोभ आहे, तो चालू ठेवावा.

तुझा,
बाबा